वाचलेलं जग पडद्यावर पाहताना: तुमचे अनुभव सांगा

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीनही खंड मी आधी वाचले होते. सिनेमे आले तेव्हा मुद्दामच टाळले. भीती एकच होती. इतकी वर्षं डोक्यात वावरलेली माणसं दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा घेऊन समोर येतील आणि मग माझी मला परत मिळणार नाहीत. शेवटी मैत्रिणीने हट्टाने बसवलं, आणि बोरोमिर या योद्ध्याच्या मरणापाशी मी कोसळले. पुस्तकात ती लढाई दिसतच नाही. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला त्याचा साथीदार अरागॉर्न धावत पोचतो, तेव्हा बोरोमिर झाडाला टेकून बसलेला असतो, अंगभर बाण रुतलेले. पीटर जॅक्सनने ती २००१च्या पहिल्या सिनेमाच्या शेवटी आणली आणि अख्खी दाखवली. बाण लागतो, तो गुडघ्यावर येतो, उठतो, पुन्हा तलवार चालवतो, पुन्हा बाण. वाचताना ज्याचा मला सतत राग यायचा त्याच्यासाठी मी ढसाढसा रडले. नंतर पुस्तक काढून तेच पान वाचलं तर त्या चार ओळींच्या मागे काय घडून गेलं होतं ते आता मला दिसत होतं.

तुमच्या बाबतीत काय झालं? आवडत्या अद्भुत कादंबरीवरचा सिनेमा पाहून आनंद मिळाला की काही हिरावलं गेलं? सविस्तर लिहा, नेमका कुठला प्रसंग ते सांगा.

* * *

बोरोमिरबद्दल अगदी पटलं, पण त्याच्या भावाचं काय? फॅरामिर माझा सर्वांत लाडका. ती जादूची अंगठी रस्त्याच्या कडेला पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, असं म्हणणारा माणूस. त्या एका वाक्यासाठी मी कितीदा ते प्रकरण वाचलं असेल. २००२च्या दुसऱ्या सिनेमात तो अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोला बांधून ऑस्गिलियाथ शहरात घेऊन जातो! मला अक्षरशः अपमान झाल्यासारखं वाटलं. पटकथाकारांचं म्हणणं मी नंतर ऐकलं. अंगठी सगळ्यांना भुलवते असं दाखवत आणायचं आणि हा एकटा सहज नाही म्हणाला तर तिचा धाक संपतो. सिनेमापुरतं ते खरंही असेल. सिनेमाच्या एक्स्टेंडेड, म्हणजे जास्त लांबीच्या आवृत्तीत बाप आणि दोन भावांचा प्रसंग आहे, तो पाहिल्यावर राग बराच निवळला. तरी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे येतो तो पुस्तकातलाच.

* * *

मी हॅरी पॉटर मराठीत वाचलं, 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून. त्यामुळे माझ्या डोक्यात ती सगळी मुलं मराठी बोलत होती. जादूच्या शाळेतला धिप्पाड हॅग्रिड तर अगदी आमच्यातला, मोठ्या आवाजाचा, मायाळू. सिनेमात तो इंग्रजीत बोलायला लागला तेव्हा पहिली दहा मिनिटं मला परक्या घरात आल्यासारखं झालं. आणि दगड लाल! पुस्तकातही लालच लिहिलाय हे मी नंतर तपासलं, पण 'परीस' हा शब्द वाचला की माझ्यापुढे काळा, साधासा दगड येतो. लोखंडाला लावून पाहावा असा. तो अजूनही काळाच आहे.

* * *

मी जरा वेगळं लिहितो. तिसरा भाग, अझ्कबानचा कैदी. माझे वडील गेले त्या वर्षी मी तो वाचला. त्यात शेवटी शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर हॅरीला समजावतात की तुझे वडील तुझ्यातच आहेत, काल रात्री ते तुला भेटले. कारण हॅरीच्या पॅट्रोनसचं, म्हणजे त्याचं रक्षण करणाऱ्या जादुई आकृतीचं रूप हरणाचं, आणि वडीलही हरणाचं रूप घ्यायचे, म्हणूनच मित्रांमध्ये त्यांचं नाव प्रॉन्ग्ज. तो जादूचा नकाशा करणाऱ्या चौघांतले एक. मी ते पान किती वेळा वाचलं हे सांगता येणार नाही.

२००४चा सिनेमा अल्फोन्सो क्वारोनने केला. दिसायला तो त्या मालिकेतला सर्वांत देखणा सिनेमा आहे असं मला मनापासून वाटतं. पण नकाशा कुणी केला हे त्यात सांगितलेलंच नाही. तळ्याकाठी हरीण येतं, प्रकाश पसरतो, आणि ते हरीणच का, हे न वाचलेल्याला कळत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या भावाने पुस्तक वाचलं नव्हतं. तो म्हणाला, "छान होतं." मी घरी येऊन त्याला ते पान वाचून दाखवलं. वडिलांबद्दल आम्ही दोघं पहिल्यांदा नीट बोललो ते त्या रात्री. त्यामुळे त्या सिनेमाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

* * *

वरचं वाचून थांबले थोडा वेळ. धन्यवाद, हे लिहिल्याबद्दल.

माझं उलटं झालं. 'द नेव्हरएन्डिंग स्टोरी' लहानपणी सिनेमा म्हणूनच माहीत होती, १९८४ची. पुस्तक मोठेपणी हाती आलं. मूळ जर्मन पुस्तक १९७९चं, दोन रंगांच्या शाईत छापलेलं: एक रंग आपल्या जगाचा, दुसरा कथेतल्या जगाचा. सिनेमा जिथे संपतो तिथे पुस्तक जेमतेम अर्धं झालेलं असतं! पुढच्या अर्ध्यात कथेतल्या जगात शिरलेला मुलगा बास्टियन एकेक इच्छा मागत जातो आणि प्रत्येक इच्छेसोबत त्याची एक आठवण पुसली जाते. मला सिनेमात फक्त आनंदाची भरारी मिळाली होती, त्या भरारीची किंमत पुस्तकात होती. लेखक मिखाएल एंडे सिनेमावर इतके नाराज होते की कोर्टात गेले, आणि हरले. दुसरा अर्धा भाग वाचल्यावर त्यांची बाजू कळते.

* * *

हॉबिट. १९३७चं सुटसुटीत पुस्तक, त्याचे २०१२ ते २०१४ असे तीन सिनेमे. अंधारातला कोड्यांचा प्रसंग सोडला तर मला थकवाच आला.

* * *

इथे 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'चं नाव अजून कसं आलं नाही? डायना विन जोन्सची कादंबरी १९८६ची, हायाओ मियाझाकींचा सिनेमा २००४चा. मियाझाकींनी सांगाडा घेतला आणि युद्धाची गोष्ट सांगितली. कादंबरीतला जादूगार हाउल मुळात आपल्याच जगातल्या वेल्समधला आहे, सिनेमात त्याचा मागमूस नाही. आणि तरीही मला दोन्ही सारख्याच प्रिय आहेत. शापाने म्हातारी झालेली सोफी झोपेत पुन्हा तरुण होते, मन खंबीर झालं की सुरकुत्या विरतात, कच खाल्ली की परत येतात. कुणी काही बोलत नाही, नुसता चेहरा बदलत राहतो. हे चित्रातच होऊ शकतं. पण पुस्तकातली सोफी वस्तूंशी बोलते आणि तिच्या बोलण्याने त्यांच्यात जीव येतो. ती टोप्या शिवत टोप्यांना भविष्य सांगत बसते, ती पानं सिनेमाने मला दिली नाहीत. कुणी विचारलं आधी काय, तर मी पुस्तक हातात ठेवते. टोप्यांपाशी हसू आलं की मग सिनेमा.