डाइव्ह कॉम्प्युटर 40/85 वरच ठेवू का?

सोलापूरकर: मालवणला डायव्हिंगला चाललोय, डाइव्ह कॉम्प्युटरवर (खोली, वेळ बघून वर कसं यायचं ते सांगणारं यंत्र) ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे वर येताना किती सावध राहायचं ते ठरवणारे दोन आकडे, 40/85 आहे पण ग्रुपमधले म्हणतायत 45/95 कर म्हणजे खाली जास्त वेळ मिळतो, करू का? संध्याकाळी लगेच आंबोली घाटातून सोलापूरला निघायचंय.

खोलपाणी: 95 नको भावा. दुसरा आकडा म्हणजे वर आल्यावर अंगातल्या नायट्रोजनचा जादा दाब ब्यूलमनच्या (कॉम्प्युटर ज्याच्या गणितावर चालतो तो शास्त्रज्ञ) मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत चालेल ते, 95 ला राखीव जवळजवळ काही उरतच नाही. त्यात दमलेला, पाणी कमी प्यायलेला माणूस कॉम्प्युटरला कळत नाही.

घाटवाट: मला घाटाचीच जास्त काळजी वाटतीय!! उंचीवर हवेचा दाब कमी होतो, अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. आंबोली जवळपास 690 मीटर, डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी थांबायचा नियम साधारण 600 मीटरच्या वर धरतात, एका डाइव्हनंतर निदान 12 तास, जास्त केल्या तर 18. मुक्काम मालवणलाच कर.

खोलपाणी: बरोबर. आणि पाण्यातून वर येताना 5 मीटर खोलीवर 3 मिनिटं थांबच.