एकाच गटावर दोन्ही स्थिती, की दोन वेगळे गट?

प्रश्न

मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाणी ऐकत पाठांतर केल्यास स्मरण कमी होते का, हे मला लघुप्रबंधासाठी तपासायचे आहे. 40 विद्यार्थ्यांना आधी शांततेत 20 शब्दांची एक यादी आणि नंतर गाणे चालू असताना दुसरी यादी द्यायची, असा माझा आराखडा होता. मार्गदर्शक बाईंनी तो ‘क्रमाचा परिणाम कसा वेगळा काढणार?’ असा शेरा मारून परत दिला. वीस-वीसचे दोन गट करावेत, तर एका गटात मुळातच चांगली स्मरणशक्ती असलेले अधिक जण येतील, अशी भीती वाटते. कोणता मार्ग धरावा?

प्रतिसाद 1

बाईंचा शेरा योग्य आहे. दुसऱ्या यादीपर्यंत सहभागी सरावलेला असतो किंवा थकलेला असतो, शिवाय पहिल्या यादीतले शब्द दुसरीत घुसतात. त्यामुळे गुण कमी आले तरी ते गाण्यामुळे आले, असे तुम्हाला म्हणता येणार नाही. तरीही गट एकच ठेवा, कारण स्मरणशक्तीत माणसामाणसांत मोठा फरक असतो आणि येथे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. निम्म्यांना शांतता आधी द्या, निम्म्यांना गाणे आधी. याद्याही अशाच आलटून पालटून द्या, नाहीतर एक यादी सोपी असल्याचा परिणाम गाण्याच्या खात्यावर जमा होईल. क्रम आणि यादी यांच्या चार जोडण्या होतील, प्रत्येकीत 10 जण. कोण कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी आलेल्यांना एका जोडणीत बसवणे म्हणजे यादृच्छिक विभागणी नव्हे.

प्रतिसाद 2

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र क्रम आलटून पालटून देण्याचा उपाय सर्वत्र चालत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 मधील प्रयोग पाहा. 45 विद्यार्थ्यांना अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला गेला, पण नऊ-नऊ जणांच्या पाच गटांना विचारलेल्या प्रश्नातले क्रियापद वेगवेगळे होते. जोरदार धडकेचे क्रियापद ऐकलेल्या गटाचा सरासरी अंदाज ताशी 40 मैलांहून अधिक, तर नुसत्या स्पर्शाचे क्रियापद ऐकलेल्यांचा 31.8 मैल आला. एकाच माणसाला हे दोन्ही प्रश्न विचारले असते, तर संशोधकांना काय तपासायचे आहे हे त्याने ओळखले असते, आणि ती जाणीव क्रम उलटवून पुसता येत नाही.

त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात 150 जण होते. आठवड्यानंतर त्यांना फुटलेली काच दिसली होती का, असे विचारले. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच, तरी जोरदार धडकेच्या गटातील 50 पैकी 16 जणांनी होकार दिला. साध्या धडकेच्या गटात 7 आणि ज्यांना वेगाबद्दल काहीच विचारले नव्हते त्या नियंत्रित गटात 6. हा शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो नसता तर 16 पैकी किती होकार निव्वळ चुकीच्या आठवणीचे, हे कळले नसते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. मग माझ्या प्रयोगात शांतता हीच नियंत्रित स्थिती पुरेशी आहे का?

प्रतिसाद 1

माझ्या मते नाही. शांतता आणि गाणे यांत एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात: आवाज आणि शब्द. त्याच चालीचे केवळ वाद्यांवर वाजवलेले ध्वनिमुद्रण ही तिसरी स्थिती घ्या आणि तिन्ही याद्यांसाठी वेळ सारखाच ठेवा. सलामे आणि बॅडली या संशोधकांना 1989 मध्ये वाद्यसंगीतापेक्षा गायलेल्या गाण्याने अंकांच्या तात्पुरत्या स्मरणात अधिक व्यत्यय येतो असे आढळले होते, त्यामुळे हा भेद तपासण्याजोगा आहे. तीन स्थितींचे सहा क्रम होतात आणि तीन याद्या फिरवल्या की 18 जोडण्या. म्हणून 40 ऐवजी 36 सहभागी घ्या, प्रत्येक जोडणीत दोघे येतील. दोन याद्यांच्या मध्ये काही मिनिटे साधी बेरीज-वजाबाकी करायला दिलीत, तर आधीचे शब्द मनात घोळत राहण्याची शक्यताही कमी होईल.