भेटीचा आदेश पाळला जात नाही, थेट अवमान याचिका करावी का?

खाडीकाठ
मुलगा ९ वर्षांचा, आईकडे चिपळुणात. वडील डोंबिवलीत नोकरीला. जिल्हा न्यायालयाच्या आदेशात दुसऱ्या-चौथ्या शनिवारी भेट, गणपतीत ३ दिवस आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी वडिलांकडे. गेले दोन महिने भेट नाही; कधी ताप, कधी क्लास. गणपतीत पाठवणार नाही हे तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच दिलंय. वकील म्हणतात अवमान याचिका टाकू. तोपर्यंत पोटगी थांबवली तर चालेल का?

नक्कल-अर्ज
पोटगी अजिबात थांबवू नका. भेट अडली म्हणून पोटगी अडवता येत नाही, आणि थकबाकी दिसली की समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत.

अवमान शेवटी. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम १० नुसार खालच्या कोर्टाच्या अवमानाची शिक्षा उच्च न्यायालय देतं, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की आदेश देणाऱ्या कोर्टात अंमलबजावणीसाठी का गेला नाहीत. आदेश १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखालचा असेल तर कलम ४३ बघा. त्यात मनाईहुकुमासारखी अंमलबजावणी मागता येते. अर्जात बुडालेल्या भेटींच्या बदल्यात जादा दिवस मागा. गणपतीचे ३ दिवस वेगळ्या तातडीच्या अर्जात घाला. चतुर्थी उलटल्यावर आदेश मिळून काय करायचंय?

रोजनामा
अवमानात ‘जाणूनबुजून’ हा शब्द सिद्ध करावा लागतो. तापाचं खरं डॉक्टरी प्रमाणपत्र निघालं तर ती तारीख गेली. म्हणून प्रत्येक भेटीच्या दिवशी ठरल्या जागी हजर राहा, तिथून मेसेज करा, एसटी-रेल्वेचं तिकीट ठेवा. गेलाच नाहीत तर ‘आलेच नव्हते’ हे उत्तर तयार असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा. पोलीस ठाण्यात फार तर नोंद होईल. भेटीचा कागद दाखवला म्हणून ते मूल उचलून देणार नाहीत.

आदेश तडजोडीतून झाला असेल तर पुरशीस (कोर्टात दिलेलं लेखी निवेदन) नीट वाचा. कोर्टाला स्पष्ट हमी दिलेली नसेल तर हमीभंगाचा मुद्दा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच सांगून ठेवलंय.

भरती-ओहोटी
मुदत विसरू नका: अवमान कायद्याच्या कलम २० नुसार अवमान घडल्यापासून १ वर्ष. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोर्टाचं समाधान होईल अशी माफी मागितली तर शिक्षाही माफ होऊ शकते, त्यामुळे तुरुंगाची आशा धरून बसू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गची याचिका १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे, रायगडची मुंबईलाच.

खाडीकाठ
आदेशात वेळ फक्त ‘सकाळी’ आहे. जागा लिहिलेलीच नाही.

नक्कल-अर्ज
मग अवमान विसरा, आधी आदेश दुरुस्त करून घ्या. मोघम आदेशाचा भंग सिद्ध होत नाही. जागा लिहून घ्या, तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय चालेल, पण ते शनिवारी उघडं असतं का हे विचारून. वेळ १० ते ५, आणि गाडी उशिरा आली तर किती वाट बघायची तेही. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. १० वाजता पोचणारा माणूस १२ ला पोचतो आणि तेवढ्यावर भेट नाकारली जाते.