स्टोरेजमधला बिघाड: बदल आधी मागे घ्यावा, की आधी मूळ शोधावे?

धागालेखिका

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) नव्या आवृत्तीत स्टोरेज ड्रायव्हर किंवा त्याच्या वरचा ब्लॉक लेयर (वाचन-लेखनाची कामे ड्रायव्हरकडे पोहोचवणारा थर) बिघडला, तर ज्या कमिटवर, म्हणजे कोडमधल्या ज्या बदलावर, संशय आहे तो ताबडतोब मागे घ्यावा आणि कारणमीमांसा नंतर सावकाश करावी, असे माझे ठाम मत आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला तर पडदा काळा होतो आणि जुन्या कर्नलवर परतले की काम भागते. स्टोरेज बिघडले तर डिस्कवर भलतेच लिहिले जाते, तेच बॅकअपमध्येही उतरते आणि जुन्या कर्नलवर परतून ते दुरुस्त होत नाही. लिनक्स ४.१९ हे २२ ऑक्टोबर २०१८ रोजी आले आणि फाइल सिस्टीम खराब करणाऱ्या दोषाची दुरुस्ती ८ डिसेंबरच्या ४.१९.८ मध्ये मिळाली. स्थिर म्हणवणाऱ्या आवृत्तीसाठी जवळजवळ सात आठवडे हा काळ मला अक्षम्य वाटतो.

प्रतिसाद १

आपली कळकळ मान्य आहे, पण आपलेच उदाहरण आपल्या विरोधात जाते. त्या वेळी मागे घ्यायचे तरी काय, हेच कोणाला ठाऊक नव्हते. त्रुटीचे संदेश एक्स्ट४ ही फाइल सिस्टीम देत होती, म्हणून संशय एक्स्ट४वर गेला. दोष मात्र खाली ब्लॉक लेयरमध्ये होता. ४.१९मध्ये, शेड्युलर (कामांचा क्रम लावणारा भाग) 'नन', म्हणजे कोणताच नाही, असा ठेवलेला असताना हार्डवेअरची रांग मोकळी असेल तर रिक्वेस्ट (वाचन-लेखनाची मागणी) थेट ड्रायव्हरकडे धाडण्याची सोय आली होती. ड्रायव्हरने 'सध्या जागा नाही' असे कळवले की ती रिक्वेस्ट पुन्हा साध्या रांगेत यायची. पण तोवर डिस्कला आज्ञा देणाऱ्या एससीएसआय थराने तिची स्कॅटर-गॅदर यादी, म्हणजे मेमरीतल्या कोणत्या तुकड्यांची ने-आण करायची ती यादी, बांधून ठेवलेली असे. रांगेत थांबलेली असताना शेजारच्या सेक्टरांचे काम तिच्यात मर्ज झाले, तर रिक्वेस्ट वाढायची आणि यादी मात्र जुनीच राहायची. मूळ तेवढाच भाग वाचला किंवा लिहिला जायचा. असा दोष लागोपाठ प्रयत्न करूनही हमखास दिसत नाही, त्यामुळे बायसेक्ट करताना, म्हणजे कमिटांची यादी निम्मी-निम्मी करत दोषी कमिट शोधताना, वाईट कमिटही चांगला म्हणून सुटतो. घाईने एक्स्ट४मधले बदल मागे घेतले असते, तर दोष तसाच राहून लोक मात्र निश्चिंत झाले असते, आणि ते अधिक घातक ठरले असते.

प्रतिसाद २

मी धागालेखिकेच्या बाजूने आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला यादी कोणी बांधली याच्याशी कर्तव्य नसते. आज रात्री काय करायचे, एवढेच त्याला हवे असते. डिसेंबर २०२३मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने ६.१.६४ कर्नलमधला एक्स्ट४चा दोष कळताच १२.३ ही आवृत्ती रोखली आणि दुसऱ्याच दिवशी १२.४ दिली. पुढे पाठवायचे थांबवण्यासाठी संपूर्ण निदानाची वाट पाहावी लागत नाही.

प्रतिसाद १

वितरण रोखणे आणि कोड मागे घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. २०२३चा दोष तर दुरुस्ती जुन्या मालिकेत आणताना (बॅकपोर्ट करताना) तिच्या जोडीचा, कर्नलच्या आयओमॅप या भागातला बदल मागे राहिल्याने आला होता, आणि त्यामुळे डायरेक्ट (कॅशे टाळून थेट डिस्कवर केलेल्या) लेखनानंतर फाइलमधले स्थान दोनदा पुढे सरकत होते. कमिट एकमेकांवर किती अवलंबून असतात हे त्यातून दिसते. एकच कमिट डोळे झाकून उपटणे हाही तितकाच जोखमीचा बॅकपोर्ट आहे.

धागालेखिका

संशय चुकीच्या थरावर असेल तर मागे घेणे निरुपयोगी ठरते, हा मुद्दा मला पटला. तरीही ४.१९मध्ये एससीएसआयसाठी ब्लॉक लेयरचा जुना मार्ग बूट पॅरामीटरने (संगणक सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनेने) निवडता येत होता, आणि ज्यांना हे ठाऊक होते त्यांना त्या रात्रीपुरते उत्तर होते. पुढे ५.०मध्ये तो जुना मार्गच काढून टाकला गेला. रिक्वेस्ट धाडण्याच्या वाटेत बदल करणाऱ्याने जुनी वाट निदान काही आवृत्त्या तरी चालू ठेवावी, एवढा आग्रह मी सोडणार नाही.

प्रतिसाद १

दोन वाटा ठेवल्या तर दोन्हींची चाचणी करावी लागते, आणि न वापरली जाणारी वाट नेमकी गरज पडेल तेव्हाच मोडलेली निघते. माझ्या मते ते मनुष्यबळ, ड्रायव्हर मुद्दाम 'जागा नाही' म्हणेल अशा चाचण्या लिहिण्यात घालवावे.