गावच्या फलकावर 'सोमालिया' लिहायचं की नाही?

काळी माती
आमच्या गावात (अकोला जिल्हा) बस थांब्याजवळ माजी सैनिकांचा फलक लागतोय. 'युद्धात सहभागी' असा मथळा, नावापुढे १९६५, १९७१, कारगिल. माझ्या मामांच्या नावापुढे यादीत 'सोमालिया १९९३-९४' होतं, ते बैठकीत खोडलं. कारण काय, तर 'ती कुठं लढाई होती, यूएनची ड्युटी होती.' मामा काहीच बोलले नाहीत. घरी आले आणि ढोरांना कुटार टाकायला कोठ्यात गेले.

मामा महार रेजिमेंटच्या ५ व्या बटालियनचे. रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ ला बेळगावात उभी राहिली, दुसरी १९४२ ला आपल्या कामठीत. त्याआधी पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभारली होती, गरज सरल्यावर १९२१ ला मोडून टाकली. खोडाखोड या पलटणीला नवी नाही म्हणा! माझं म्हणणं एवढंच, सोमालिया फलकावर यावं, आणि बाकीच्यांच्याच अक्षरात.

खरं बोलतो
मामांबद्दल आदर आहे, पण फलक कशाचा ते आधी ठरवा. ६५-७१ ला आपली सीमा होती. सोमालियातल्या टोळ्यांच्या भांडणात आपलं काय होतं? वर यूएनचा भत्ता. ते पोस्टिंग मिळावं म्हणून लोक धडपडतात, फौजेतल्या कुणालाही विचारा. आणि मोहीम तरी कुठं फळली? मार्च १९९५ ला यूएननं तिथून गाशा गुंडाळला, भांडणं होती तिथंच राहिली.

तिफण
काऊन भाऊ, भत्ता भेटला म्हंजे गोयी हळू लागते काय? २२ ऑगस्ट १९९४ ले सोमालियातल्या बैदोआ गावाच्या रस्त्यावर दबा धरून आपले सात जवान मारले. त्याच महिन्याच्या शेवटी बैदोआतच आपले तीन फौजी डॉक्टर गेले. त्यायच्या घरच्यायले सांगाचं काय, 'ड्युटी होती' म्हनून?

खरं बोलतो
हौतात्म्य मी नाकारलंच नाही. पण मग ट्रक उलटून गेलेल्या जवानाचंही युद्धातच लिहा.

सुभेदार (निवृत्त)
मी सोमालियाला नव्हतो, म्हणून बिनधास्त लिहितो. कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांना परमवीर चक्र मिळालं ते काँगोतल्या लढाईसाठी. ५ डिसेंबर १९६१, यूएनच्याच झेंड्याखाली. सरकारला तिथं लढाई दिसली, गावच्या बैठकीला दिसत नाही. श्रीलंकेत तर फौजेचं नावच 'शांती सेना'; यूएनची नव्हे, आपली. तिथं ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या छातीत गोळी लागली, तरी त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला पाडला. २५ नोव्हेंबर १९८७. त्यांनाही मरणोत्तर परमवीर. त्यांचं नाव कोणत्या रकान्यात घालणार, युद्ध की ड्युटी?

आणि साहेब, सीमेवर शत्रू समोर असतो. सोमालियासारख्या ठिकाणी सकाळी धान्याच्या रांगेत उभा असलेलाच रात्री बंदूक घेऊन येतो, आणि गोळी कधी झाडायची यावरही तुम्हाला बंधनं असतात.

काळी माती
मामांच्या ट्रंकेत यूएनची निळी टोपी आहे, डांबरगोळ्यांत ठेवलेली. ती काढली की ते लढाईचं सांगत नाहीत, विहिरींचं सांगतात. आपल्या फौजेनं तिथं विहिरी केल्या. पाणी लागलं की बाया तेलाचे रिकामे डबे घेऊन रांगेत, आणि हे आधी ओंजळभर पिऊन बघायचे, गोडं आहे की खारं. खारपाणपट्ट्यातला माणूस, दुसरं काय करणार?

खरं बोलतो
विहिरीवर मला बोलता येत नाही. पण विहीर खोदणं म्हणजे युद्ध नव्हे, हे तुम्हीच सांगितलंत. मथळा बदला, 'सैनिकी सेवा' करा, मग सोमालिया लिहा, काँगो लिहा. भत्त्याचं माझं म्हणणं कायम.

तिफण
मथळा बदलला तं कारगिलवाले चिडतीन ना बाप्पा. म्हनतीन, आमचं युद्ध कमी केलं.

काळी माती
पेंटर सोमवारी येतोय. आज रात्री सरपंचांकडे जातो. मामा सोबत यायला तयार नाहीत, पण निघताना म्हणाले, 'बैदोआ नीट लिहून दे, पेंटर चुकवंल.'