मदत हवी आहे : शिरोली-कागलमधून शोधल्यास आमचा छताचा व्यवसाय गूगल मॅपवर दिसत नाही

कोल्हापुरात उद्यमनगरातून आम्ही पत्र्याचे शेड, कौलांची दुरुस्ती आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग करतो. पावसाळ्याच्या तोंडावर गिऱ्हाईक मोबाईलवर ‘पत्रा गळतोय’ असे मराठीतच शोधते. उद्यमनगरात शोधल्यास आमचे नाव पहिल्या तिनांत येते, परंतु शिरोली किंवा कागलमधून अजिबात येत नाही. गूगलवरील आमच्या व्यवसाय-प्रोफाइलची पडताळणी झाली आहे, सेवाक्षेत्रात दोन्ही गावे टाकली आहेत आणि गंजलेला जे-हुक (पत्रा सांगाड्याला धरून ठेवणारा वाकडा बोल्ट) काढून नवा वॉशर बसवतानाचे फोटोही दर आठवड्याला चढवतो. क्रम ठरवताना शोधणाऱ्यापासूनचे अंतर मोजले जाते, हे ठाऊक आहे. खोटा पत्ता आणि विकतचे अभिप्राय नकोतच. दुसरे दुकान परवडणारे नाही. अशा वेळी संकेतस्थळावर दोन्ही गावांसाठी स्वतंत्र मराठी पाने आधी करावीत, की तिथल्या जुन्या ग्राहकांकडून अभिप्राय मिळवण्यावर भर द्यावा?