शब्दचर्चा : लष्करी अपघातानंतर सुरू होते ती ‘चौकशी’, ‘तपास’ की ‘अन्वेषण’?

मूळ प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी संरक्षण दलांतील अपघातांवर लेख लिहीत आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूत कुन्नूरजवळ हवाई दलाचे एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर कोसळले. त्यात जनरल बिपिन रावत यांच्यासह १३ जणांचा मृत्यू झाला आणि बचावलेले एकमेव ग्रुप कॅप्टन वरुण सिंग यांचे १५ डिसेंबरला निधन झाले. माझा लेख या घटनेपासून सुरू होतो. त्यातले माझे वाक्य असे : ‘दुसऱ्याच दिवशी लष्करी न्यायालयाने अपघाताचा तपास सुरू केला.’ संपादकांनी या एका वाक्यावर तीन खुणा करून कागद परत पाठवला. ‘लष्करी न्यायालय’ खोडले, ‘तपास’खाली नागमोडी रेघ ओढली आणि ‘सुरू केला’च्या समोर समासात फक्त ‘केव्हा?’ असे लिहिले. मूळ इंग्रजी शब्द ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ असा आहे. कोर्ट म्हणजे न्यायालय आणि ते लष्कराचे, म्हणून लष्करी न्यायालय, एवढाच माझा हिशेब होता. या तिन्ही जागी मराठीत काय लिहावे?

उत्तर (कोलशेत, ठाणे)

मी हवाई दलातून तांत्रिक शाखेत निवृत्त झालो आहे, त्यामुळे भाषेबद्दल अधिकाराने बोलणार नाही, पण वस्तुस्थिती सांगतो. ‘लष्करी न्यायालय’ हा शब्द मराठीत ‘कोर्ट मार्शल’साठी रुळलेला आहे. कोर्ट मार्शलपुढे आरोपी असतो, आरोपपत्र असते आणि शेवटी शिक्षा किंवा सुटका होते. कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे आरोपी नसतो आणि तिला शिक्षा देण्याचा अधिकारही नसतो. काय घडले आणि कशामुळे घडले, याचा पुरावा गोळा करून वरिष्ठांना अहवाल देणे एवढेच तिचे काम. आपले वाक्य वाचून सामान्य वाचकाला वाटेल, की अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कोणावर तरी खटलाच उभा राहिला.

बराकीतली मराठी पोरे मात्र ‘कोर्ट बसलं’ असेच म्हणतात आणि तिथे कोणाचा गोंधळ होत नाही. ‘बसणे’ हे क्रियापद मला फार नेमके वाटते. आयोग बसतो, समिती बसते, तसे हे मंडळही बसते. त्यात वैमानिक असतो, अभियंता असतो, गरजेप्रमाणे डॉक्टर असतो, आणि अपघातग्रस्त तुकडीशी ज्यांचा संबंध नाही असेच अधिकारी त्यावर नेमावेत असा कटाक्ष असतो.

उत्तर (ऐरोली, नवी मुंबई)

कोलशेतकरांच्या म्हणण्याला कायद्याचा आधार जोडतो. लष्कर नियम, १९५४ यांतील नियम १७७ मध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरीची व्याख्या आहे. पुरावा गोळा करण्यासाठी आणि सांगितले असल्यास अहवाल देण्यासाठी एकत्र आणलेली अधिकाऱ्यांची किंवा हुद्देदारांची सभा, असा तिचा आशय. म्हणजे व्याख्येतच न्यायनिवाडा नाही. ही सभा फक्त अपघातासाठी भरते असेही नाही. जवान विनापरवाना ३० दिवस गैरहजर राहिला, तरी लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम १०६ नुसार अशीच चौकशी होते.

शब्दनिवडीसाठी आणखी दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. नियम १८० प्रमाणे ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर या कामाचा परिणाम होऊ शकतो, त्याला पूर्ण कामकाजात हजर राहण्याची, स्वतःचे म्हणणे मांडण्याची आणि साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. दुसरी तरतूद अशी, की या कामकाजात झालेले निवेदन किंवा कबुली पुढे त्या व्यक्तीविरुद्ध पुरावा म्हणून सामान्यतः वापरता येत नाही. खरे बोलणाऱ्याला बोलते करायचे, तर अशी हमी लागतेच. अशा व्यवस्थेला ‘न्यायालय’ म्हटले, की तिचा मूळ हेतूच झाकला जातो. ‘चौकशी मंडळ’ म्हणावे. सरकारी हिंदीत ‘जांच अदालत’ हा प्रयोग दिसतो. त्याची छाया घेऊन ‘चौकशी अदालत’ करण्याचे मराठीला काही कारण नाही.

उत्तर (नेरूळ, नवी मुंबई)

‘मंडळ’ला माझा पाठिंबा आहे, कारण नौदलात मूळ नावच ‘बोर्ड ऑफ इन्क्वायरी’ असे आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन १८ नौसैनिक दगावले, तेव्हा नेमले गेले ते असेच मंडळ. तिन्ही दलांसाठी एकच मराठी शब्द मिळत असेल, तर तो घ्यावा.

उत्तर (कळवा, ठाणे)

‘तपास’बद्दल बोलतो, कारण माझी पूर्ण नोकरी त्याच शब्दात गेली. पोलीस खात्यात तपास म्हणजे गुन्ह्याचा तपास. त्याला तपास अधिकारी असतो, मुद्देमाल असतो, जबाब असतात आणि शेवटी दोषारोपपत्र असते. ‘तपास’ म्हटल्याबरोबर वाचक संशयित शोधू लागतो. संपादकांची नागमोडी रेघ मला त्यामुळे योग्य वाटते.

लेखात एक गोष्ट मात्र विसरू नका. अपघात लष्करी असला, तरी मृत्यू झाला की स्थानिक पोलिसांचेही काम असते. ठाणे जिल्ह्यातल्या कोणत्याही ठाण्यात आपण ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ असे ऐकाल, विदर्भात त्यालाच ‘मर्ग’ म्हणतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचांसमक्ष मृतदेहाचा पंचनामा होतो आणि मृत्यूचे उघड दिसणारे कारण लिहिले जाते. म्हणजे एकाच जागी दोन कामे शेजारी शेजारी चालू असतात, आणि दोन्हींना ‘तपास’ म्हटले तर आपल्याच लेखात गुंता होईल.

उत्तर (खारघर, नवी मुंबई)

मराठीची शिक्षिका म्हणून दोन शब्द. ‘चौकस’पासून ‘चौकशी’ झाली आणि या शब्दाला मराठीत दोन चेहरे आहेत. ठाणे स्थानकावर ‘चौकशी’ लिहिलेल्या खिडकीपाशी आपण गाडी केव्हा येणार ते विचारतो, आजारी माणसाच्या प्रकृतीची चौकशी करतो. या चौकशीत कोणाला भीती वाटत नाही. पण ‘त्याच्यामागे चौकशी लागली’ म्हटले, की त्याच शब्दाला घाम फुटतो. लष्करी अपघाताच्या चौकशीत खिडकीवरचा अर्थ अभिप्रेत आहे आणि वृत्तपत्रे बहुतेक वेळा दुसरा वापरतात. शब्द बदलून हे सुटणार नाही, वाक्यरचना बदलावी लागेल. ‘अपघाताची चौकशी’ म्हणावे, ‘वैमानिकाची चौकशी’ म्हणू नये. वैमानिकाकडे चौकशी करावी किंवा त्याचे म्हणणे नोंदवावे.

‘अन्वेषण’ शब्द अर्थाने उत्तम आहे, कारण मागोवा घेत शोधणे हा त्याचा मूळ भाव. पण केंद्रीय अन्वेषण विभागामुळे तोही आता छाप्यांच्या बातम्यांना चिकटला आहे. तांत्रिक भागापुरता, म्हणजे यंत्राचे तुकडे आणि नोंदी तपासण्याच्या कामासाठी, तो चालेल.

विषयाला धरून आणखी एक निरीक्षण. ‘अपघात की घातपात?’ हा मथळा आपल्याला इतका आवडतो, कारण दोन्ही शब्दांत ‘घात’ बसलेला आहे. आपल्या ‘अपघाता’त हेतू नसतो, गुजरातीतला ‘आपघात’ म्हणजे मात्र आत्महत्या, आणि तिथे अपघाताला ‘अकस्मात’ म्हणतात. कळव्याच्या गृहस्थांनी सांगितलेल्या पोलिसी नोंदीत तोच ‘अकस्मात’ आपल्याकडेही आहे, हे पाहून मौज वाटली. मंडळ बसण्याआधीच हा मथळा छापणे म्हणजे प्रश्नाच्या नावाखाली उत्तर सुचवणे आहे. १४ जानेवारी २०२२ रोजी कुन्नूरच्या चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले, त्यांत यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जीपणा ही तिन्ही कारणे नाकारली होती. अनपेक्षितपणे बदललेल्या हवामानात हेलिकॉप्टर ढगांत शिरले, वैमानिकाचे स्थितिभान हरपले आणि नियंत्रणात असलेले हेलिकॉप्टर भूभागावर आदळले, असे त्यात म्हटले होते. तेव्हा काहींनी ‘वैमानिकाची दिशाभूल झाली’ असे लिहिले. दिशाभूल कोणीतरी करावी लागते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मूळ प्रश्नकर्ता (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे आभार. ‘चौकशी मंडळ’ स्वीकारतो. ‘केव्हा?’ मात्र अजून सुटलेले नाही. ९ डिसेंबरला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी संसदेत निवेदन केले. हेलिकॉप्टर सुलूरच्या हवाई तळावरून ११.४८ वाजता निघाले, १२.०८च्या सुमारास संपर्क तुटला, एअर मार्शल मानवेंद्र सिंग यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही दलांच्या चौकशीचा आदेश झाला असून पथक कालच कुन्नूरजवळच्या वेलिंग्टनला पोहोचून कामाला लागले आहे, असे त्यात होते. म्हणजे माझे ‘दुसऱ्याच दिवशी’ही चुकले. पण मग सुरुवात कोणती धरायची? आदेश निघाला ती, की पथक पोहोचले ती?

उत्तर (कोलशेत, ठाणे)

दोन्हींच्या आधी बरेच काही घडून गेलेले असते, आणि मराठीत त्याला नाव नाही ही खरी अडचण आहे. अपघाताची खबर मिळताच आधी जिवंत माणसे बाहेर काढायची आणि आग विझवायची, यात वाद नाही. पण त्याच वेळी तुकडीत एक अधिकारी त्या विमानाची देखभाल वही, दुरुस्तीच्या नोंदी, वैमानिकांच्या उड्डाणांच्या नोंदी आणि हवामानाचे कागद ताब्यात घेऊन सील करतो. ज्या टँकरमधून इंधन भरले, तो बाजूला उभा करून त्यातला नमुना काढतात. घटनास्थळाला दोरी बांधून पहारा बसवतात आणि कोणताही तुकडा हलवण्याआधी त्याचे छायाचित्र व जागा नोंदवतात. लढाऊ विमान असेल, तर आसन बाहेर फेकणारी स्फोटक काडतुसे शिल्लक असू शकतात, म्हणून जाणकारांनी जागा निर्धोक केल्याशिवाय चौकशीचा माणूसही आत जात नाही. मंडळ येते ते हे सगळे झाल्यावर, आणि आधीच्या माणसांनी जे राखले असेल तेवढेच त्याच्या हाती लागते.

इथे ‘चौकशी सुरू झाली’ म्हणणे चूक आहे, कारण प्रश्न विचारणारे अजून आलेलेच नाहीत. मी याला ‘पुरावा राखणे’ म्हणेन. शेत राखतात तसे : पीक आपण कापायचे नसते, फक्त जनावर शिरू द्यायचे नसते.

उत्तर (ऐरोली, नवी मुंबई)

‘राखणे’ घेतले, तर बाकीच्या पायऱ्या सरळ लागतात. पुरावा राखला जातो, मंडळ नेमले जाते आणि मग ते बसते. नेमणुकीच्या आदेशात अध्यक्ष, सदस्य, जमण्याची जागा व वेळ आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधायची ते असते. त्या शेवटच्या भागाला सरकारी मराठीत ‘विचारार्थ विषय’ असा चांगला शब्द आहे, तो वापरावा. कायद्याच्या भाषेत चौकशीची सुरुवात म्हणजे मंडळाची पहिली बैठक.

उत्तर (नेरूळ, नवी मुंबई)

सिंधुरक्षकला हेच लावून पाहा. मंडळ २०१३ मध्येच नेमले गेले, पण पाणबुडी गोदीच्या तळाशीच होती आणि ती वर आली जून २०१४ मध्ये. तोपर्यंत पाणबुडे गढूळ पाण्यात चाचपडत होते. तिथे मंडळ बसले होते, पण ज्याच्यापुढे बसायचे ते पाण्याखाली होते.

मूळ प्रश्नकर्ता (नौपाडा, ठाणे)

सुधारलेले वाक्य असे : ‘त्याच दिवशी चौकशी मंडळ नेमले गेले आणि ते वेलिंग्टनला पोहोचून कामाला लागले.’ एक शेवटची शंका. पुढच्या वाक्यात मी ‘अवशेष गोळा केले’ असे लिहिले आहे, ते चालेल का?

उत्तर (कळवा, ठाणे)

‘हेलिकॉप्टरचे अवशेष’ असे पूर्ण लिहा. पंचनाम्यात नुसते ‘अवशेष’ आम्ही कधी लिहीत नसू, कारण घरचे लोकही तो कागद वाचतात.